साडेबारा रुपयांची हमाली आणि पायथन: वापरून झाल्यावरचा अनुभव

प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या एका ॲपचे 499 रुपये उद्या ऑटोपेने कापणार, असा मेसेज काल आला. कापायच्या 24 तास आधी असं कळवायलाच पाहिजे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. नाहीतर पत्ताही लागला नसता. आधी यूपीआयमध्ये जाऊन मँडेट रद्द केलं, मग हे लिहायला बसलो.

मी लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मुनीम आहे. एमएस-सीआयटी केलेलं, त्यापुढे टॅली. पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा फुकट आहे, ओळीच्या आधी सोडलेल्या जागेवर त्याचं सगळं चालतं, वगैरे तुम्हाला माहीत असणारच.

ॲपचं दोन ओळीत उरकतो. गाळलेल्या जागा भरायच्या. एक शब्द बरोबर आला की फटाके फुटतात, चुकला की लाल होतं. का चुकलं ते विचारलं तर हिरे (ॲपमधलं खेळण्यातलं चलन) मागतात, आणि पैसे भरले तरी हिरे वेगळेच! कोरी खिडकी समोर आली की पहिली ओळ काय लिहायची, हे त्यातून काही येत नाही. घेऊ नका.

त्यापेक्षा आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघा. फुकट आहेत, बरेचसे मराठी आवाजात आहेत. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर आपण टाइप करायचं.

आडतीवरचा कॉम्प्युटर अजून विंडोज 7 वर आहे. त्यावर पायथनची 3.8 ही शेवटची आवृत्ती चालते, 3.9 पासून बसतच नाही. पुतण्या म्हणाला, "काका, कशाला त्या डब्याशी झटायलाव? नवा लॅपटॉप घ्या की." 3.8 चा सपोर्ट 2024 मध्ये संपला हे खरं, पण मला पट्टी (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाचा कागद) करायची आहे, बँक चालवायची नाही. सोबत आयडल ही प्रोग्राम लिहायची खिडकी येते आणि एकदा बसवलं की नेट लागत नाही. आमच्याकडे नेटचा भरवसा नाही, म्हणून हे मोठंच काम झालं.

इफ-एल्स पहिल्याच बैठकीत कळलं. सोयाबीनचा ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला तर एक, नाहीतर दुसरं. मोंढा त्यावरच चालतो. तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणाऱ्या फॉर लूपने मात्र घाम काढला.

आता खरा मुद्दा. पट्टीत हमाली पूर्ण रुपयात करायची म्हणून राउंड वापरलं. राउंड(13.5) दिलं, 14 आले. ठीक. राउंड(12.5) दिलं तर 12! पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया, हे शाळेत शिकवतात. जीएसटी कायद्याच्या कलम 170 मध्येही तेच आहे. मग एकाचे पन्नास पैसे खायचे आणि दुसऱ्याला पन्नास द्यायचे, हा कुठला न्याय? हमालांपुढे असा हिशोब ठेवून बघा! त्या रात्री पाचपैकी दोन तारे लिहून ठेवले होते.

मग शोधलं. ते मुद्दाम तसं केलेलं आहे. बरोबर मधोमध आलं की जवळच्या सम संख्येकडे जायचं. दर वेळी वरच ढकललं तर हजारो नोंदींची बेरीज फुगत जाते. असं केलं की कमी-जास्त एकमेकांत जिरतं. पायथन 2 मध्ये आपल्यासारखंच होतं, 2008 मध्ये आलेल्या 3 मध्ये बदललं. कारण पटलं. पण माझ्या पट्टीत हजारो नोंदी नसतात, एक शेतकरी असतो आणि तो समोर उभा असतो.

तेवढ्यात दुसरं निघालं. 0.1 क्विंटल तीनदा मिळवलं तर 0.30000000000000004 येतं. कॉम्प्युटर आतून फक्त 0 आणि 1 वर मोजतो, त्याला 0.1 नेमका मांडताच येत नाही. त्याने फक्त राउंडवरचा राग दोघांत विभागला गेला. शेवटी सगळं पैशात आणि किलोत घेतलं, पॉइंटच ठेवला नाही. 1250 पैशात 50 मिळवायचे आणि 100 ने पूर्ण भाग द्यायचा: 13. दशांश नेमके ठेवणारी डेसिमल नावाची सोयही आहे, पण ती टाइप करायला फार लांबलचक.

एक गोष्ट मात्र कुठल्याच व्हिडिओत ऐकली नव्हती. वहीत आकडे मराठी, म्हणून सवयीने वजनाच्या जागी १२५० टाइप झालं. वाटलं, आता ओरडणार. कसलं काय, टाइप केलेल्याचा पूर्णांक करणाऱ्या इंटने ते मुकाट 1250 म्हणून घेतलं! प्रोग्राममध्ये आकड्यांना दिलेली नावंही मराठी चालतात. भाव = 4892 (सोयाबीनचा 2024-25 चा हमीभाव) लिहिलं तर चालतं. पण तिथेच भाव = ४८९२ लिहिलं की सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्यात चूक. बाहेरून आलेला मराठी आकडा चालतो, प्रोग्रामच्या आत लिहिलेला नाही. तरी एरर ओळ क्रमांकासकट येते, हिरे मागत नाही.

तर चार तारे. पाचवा राउंडने खाल्ला, तो परत देणार नाही. पट्टी तयार होते, बेरीज पैशापर्यंत जुळते. मालकांना दाखवली तर त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "मुनीमजी, हे सगळं खरं, पण सही कुठं करायची?" सहीची जागा आता टाकली आहे. जुन्या डॉट मॅट्रिक्सवर मराठी नीट छापायचं अजून जमलेलं नाही, तोवर आकडे स्क्रीनवर बघून पट्टी हातानेच लिहितो.