नवं मांजर घरात: बंद खोली, पिंजरा की थेट समोरासमोर?

पार्किंगमधलं मांजर उचलून वर आणलं, पण घरात आधीपासून असलेल्यांपुढे ते आणायचं कसं? मार्ग तीन. तिन्ही मी केलेत, त्यातला एक पुन्हा करणार नाही.

तो म्हणजे थेट समोर सोडणं. ‘बघून घेतील आपापसात’ म्हणत आम्ही नव्या भुऱ्याला हॉलमध्ये सोडला. घरातल्या जुन्या चिंगीने त्याला नखही लावलं नाही. ती गर्रकन वळली आणि लहानपणापासून सोबत वाढलेल्या गोट्यावरच तुटून पडली. राग एकावर, मार दुसऱ्याला! त्या दोघांचं पुन्हा जमायला तीन आठवडे गेले. नवं पिल्लू दोन-तीन महिन्यांचं असेल तर हा मार्ग कधीकधी खपून जातो. नसबंदी न झालेला मोठा बोका असेल तर विचारही नको. शिवाय रस्त्यावरचं मांजर सोबत पॅनल्यूकोपेनिया हा मांजरांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार आणू शकतं, आणि त्याचा विषाणू घरात महिनोन् महिने टिकतो.

बंद खोली हा सगळ्यात कंटाळवाणा मार्ग, आणि माझं मत त्यालाच. नव्याला त्याचं खाणं, पाणी, लिटरचा ट्रे आणि लपायला एखादं खोकं देऊन दहा ते चौदा दिवस वेगळं ठेवायचं. दाराखालच्या फटीत जुना टॉवेल कोंबायचा, आत जाऊन आलं की हात धुवायचे. दरम्यान डॉक्टरांकडून तपासणी, जंताचं औषध, लस. डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की टॉवेल काढा. आमच्याकडे फटीतून आधी एक पंजा बाहेर आला. गोट्याने तो हुंगला, फिस्कारला, आणि तासाभराने पुन्हा तिथेच येऊन बसला. मांजराची ओळख आधी नाकाने होते, डोळ्यांनी नंतर. म्हणून एकाच्या गालावर मऊ फडकं फिरवून ते दुसऱ्याच्या ताटलीजवळ ठेवायचं. दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण द्यायचं आणि ताटल्या रोज थोड्या जवळ सरकवायच्या. दोघंही शांतपणे जेवू लागले की दार बोटभर उघडायचं.

वन आरके असेल तर? मग पिंजरा. पण त्यात नव्याला पळायला जागा नसते आणि जुने भोवती घिरट्या घालतात. म्हणून पिंजरा टेबलावर ठेवा, तीन बाजूंनी चादर टाका, आत खोकं असू द्या. पिंजऱ्याने भांडण थांबतं, शिंक थांबत नाही. तपासणी घरी आणण्याआधीच उरकलेली बरी, आणि जुन्यांची लसही चालू असायला हवी. सुरुवातीचे दिवस बाथरूम देता आलं तर पिंजऱ्यापेक्षा ते चांगलं. अंघोळीचे हाल होतील तेवढे सोसा.

ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त हवा, आणि सगळे एकाच कोपऱ्यात नकोत. फिस्कारण्याला घाबरू नका, ते नुसतं ‘लांब राहा’ असतं. एखादं मांजर आवाज न करता ट्रेच्या वाटेवर ठाण मांडून दुसऱ्याकडे टक लावून बघत असेल, तर मात्र दोन पावलं मागे जाऊन दार पुन्हा लावा. झुंज लागलीच तर मध्ये हात घालू नका, पुठ्ठा किंवा उशी घाला.

आमचे तिघं अजूनही एका गादीवर झोपत नाहीत. फ्रिजवर चिंगी, सोफ्यावर गोट्या, चपलांच्या रॅकमध्ये भुऱ्या. एवढं जमलं तरी मला पुरतं.