कमी किमतीची बोल्ट-अ‍ॅक्शन पीसीपी एअर रायफल: पावसाळ्यासकट काही महिन्यांचा अनुभव

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हौशी शिकार इतिहासजमा झाली. छऱ्याच्या रायफलींचा थाट मात्र अजून शिकारी रायफलीचाच असतो. मी घेतलेली पीसीपी, म्हणजे आधी दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, रायफल त्याच घाटाची आहे: उजव्या बाजूला बोल्ट (हाताने मागे-पुढे सरकवायचा दांडा), काळ्या प्लास्टिकचा स्टॉक (दस्ता) आणि बॅरलखाली २०० बारपर्यंत हवा भरण्याचा लांब सिलिंडर. ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलच्या आतली ऊर्जा या मर्यादेत ती बसते, त्यामुळे शस्त्रास्त्र नियम, २०१६ नुसार तिला परवाना लागत नाही. दुकानदाराने ओळखपत्राची प्रत आणि नोंदवहीत सही घेतली, एवढ्यावर काम झाले. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे आलेले दोष या किमतीची कोणतीही रायफल घेताना तपासून पाहावेत असे आहेत. वापर ठाणे आणि नवी मुंबई परिसरातल्या रेंजवर, १० व २५ मीटरवर, बहुतेक वेळा वाळूच्या पिशवीवर टेकवून झाला.

स्वस्त रायफल हातात घेतल्यावर डोळ्यांना सर्वांत आधी खटकते ते फिनिशिंग, आणि नेमबाजीच्या दृष्टीने सर्वांत कमी महत्त्वाचेही तेच असते. प्लास्टिकवरची जोडरेघ, बोल्टवरच्या यंत्रकामाच्या खुणा, एकसारखे न बसलेले ब्ल्यूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) यांचा छऱ्याच्या उड्डाणाशी काही संबंध नाही. बोल्ट थोडा खडखडतो, याचीही फार काळजी करू नये. काडतुसाच्या रायफलीत बोल्टचे लग्ज (त्याला जागी अडकवून ठेवणारे दात) स्फोटाचा सगळा दाब पेलतात, म्हणून ते दोन्ही बाजूंनी सारखे टेकले पाहिजेत. इथे बोल्ट हॅमर (हवेची झडप उघडणारा ठोका) मागे ओढतो, छर्रा बॅरलमध्ये ढकलतो आणि ओ-रिंगने मागची वाट बंद करतो, इतकेच त्याचे काम. ते तो नीट करतो का, हे मात्र पाहिलेच पाहिजे. सिलिंडरमधली हवा पूर्ण काढून टाकून मी छर्रा बोल्टने आत ढकलला, पितळी दांडीने पुढच्या बाजूने परत मागे आणला आणि भिंगाखाली धरला. त्याच्या मागच्या पातळ घेरावर एकाच जागी नखाने ओरखडल्यासारखी चंद्रकोरीची खूण होती. बॅरलला हवा जिथून मिळते त्या छिद्राची कड धारदार राहिल्याचा तो परिणाम होता. बंदुकांच्या कारागिराने ती कड बारीक एमरीने मोडून दिली. पुढचे छर्रे स्वच्छ बाहेर आले.

अचूकतेच्या बाबतीत जाहिरातींनी जी सवय लावली आहे, ती आधी सोडावी लागते. अमेरिकेत वेदरबीच्या व्हॅनगार्ड रायफलीला १०० यार्डांवर तीन गोळ्यांचा गट (एकाच निशाण्यावर मारलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका) एक इंचाच्या आत येण्याची हमी मिळते, आणि सॅव्हेज अ‍ॅक्सिस किंवा रुगर अमेरिकन यांसारख्या स्वस्त शिकारी रायफलींची चर्चाही बरीचशी याच मोजमापाभोवती फिरते. हरणावर सहसा एक किंवा दोनच गोळ्या झाडल्या जातात, म्हणून शिकाऱ्याच्या लेखी तीनच्या गटाला अर्थ असेलही, पण रायफल पारखायला तो तोकडा पडतो. गोळ्यांचे विखुरणे तेच असले तरी पाचचा गट तीनच्या गटापेक्षा सरासरीने सुमारे पाव पट मोठा येतो आणि दहाचा गट पाचच्या गटापेक्षा जवळपास तितकाच आणखी मोठा. त्यामुळे खिशात जपून ठेवलेला एखादा सुंदर कागद रायफलीपेक्षा योगायोगाबद्दलच जास्त सांगतो. मी पाच-पाचचे गट सलग मारले, वाऱ्याने किंवा माझ्या श्वासाने बिघडलेला एकही वगळला नाही आणि सर्वांची सरासरी धरली. २५ मीटरवर एक मिनिट ऑफ अँगल (अंशाचा साठावा भाग) म्हणजे ७.३ मिलिमीटर, त्या हिशेबाने सुरुवातीची सरासरी दोन मिनिटांच्या आसपास होती, म्हणजे या किमतीला वाईट नाही आणि कौतुक करण्यासारखीही नाही.

या सरासरीच्या आत जे दडले होते, त्यासाठी हा सगळा खटाटोप सार्थकी लागला. प्रत्येक गट एकेकटा पाहिला तर घट्ट होता, पण सिलिंडर भरलेला असताना तो एका जागी पडायचा आणि दाब १३० बारच्या खाली उतरल्यावर त्याच निशाण्यावर खाली-डावीकडे सरकायचा. रेग्युलेटर (दाब स्थिर ठेवणारा भाग) नसलेल्या पीसीपीत दाबाबरोबर वेग बदलतो, हे सर्वश्रुत आहे, म्हणून आधी छऱ्याचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ लावला. वेगात सेकंदाला दहाएक मीटरचा फरक दिसला. साधारण २५० मीटर प्रति सेकंद वेगाच्या छऱ्याच्या बाबतीत एवढ्या फरकाने २५ मीटरवर चारएक मिलिमीटर उंची बदलते, तेव्हा खाली सरकण्याचा हिशेब लागला. डावीकडे सरकण्याचा लागेना, कारण रायफल सरळ धरलेली असेल तर वेग कमी झाला म्हणून छर्रा बाजूला जात नाही.

कारण बॅरलच्या पुढच्या बँडमध्ये निघाले. हा बँड बॅरल आणि सिलिंडर दोघांना एकत्र आवळतो. आत २०० बार दाब असताना सिलिंडर किंचित ताणला जातो, दाब उतरला की परत आखडतो, आणि या हालचालीबरोबर बॅरललाही ओढत नेतो. पातळ कागदाची पट्टी बँड आणि बॅरल यांच्यामधून सरकवून पाहिली, तर एका बाजूने ती सहज फिरली आणि दुसऱ्या बाजूला जागीच अडकली. वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्याकडून बँडचे छिद्र थोडे मोठे करून घेतले, जेणेकरून बॅरल सगळीकडून मोकळे राहील. त्यानंतर बाजूचे सरकणे थांबले आणि सरासरी गट नऊ मिलिमीटरच्या जवळ आला. बॅरल तेच, छर्रे तेच, मी तोच. बचत बॅरलमध्ये झालेली नव्हती; बॅरल जिथे धरले जाते तिथे झाली होती, आणि माझ्या मते स्वस्त रायफल तपासताना पहिली नजर तिथेच टाकावी. शिकारी रायफलींत मऊ प्लास्टिकचा स्टॉक बॅरलला टेकतो का हे लोक पाहतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

वेग वाढवण्यासाठी मी हॅमर स्प्रिंगला हात लावला नाही आणि कोणी लावूही नये. ८.४४ ग्रेनचा छर्रा सेकंदाला सुमारे २७० मीटर वेगाने सुटला की ऊर्जा २० ज्यूलवर पोहोचते. त्यापुढे ती परवान्याची बाब होते, आणि अचूकता वाढतेच असे नाही.

छऱ्यांबाबत थोडक्यात सांगायचे तर रायफलीवर वाचवलेले पैसे इथे खर्च करावेत. डब्यातले छर्रे सोनाराच्या काट्यावर तोलल्यावर स्वस्त डब्यात वजनांची चांगलीच तफावत दिसली, जेएसबी एक्झॅक्टच्या डब्यात फारच कमी. डोक्याचा व्यास ४.५० की ४.५२ मिलिमीटर, हे प्रत्येक बॅरलची आवड पाहूनच ठरते. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा सरावानंतर हात धुतल्याशिवाय वडापावाला हात लावू नये.

ट्रिगर दोन टप्प्यांचा आहे असे कागदावर लिहिले आहे, पण दुसरा टप्पा वाळूतून ओढल्यासारखा सरकतो. त्याची सवय होते. आवड निर्माण होत नाही. स्कोप घेताना त्याचा फोकस १० मीटरपर्यंत खाली येतो याची खात्री करावी, कारण १०० यार्डांवर पॅरॅलॅक्स (डोळा हलल्याने निशाणा सरकल्याचा भास) स्थिर केलेल्या शिकारी स्कोपमध्ये डोळा जरा हलला तरी १० मीटरवरचा ठिपका जागा बदलतो.

आपल्याकडचा पावसाळा हा या रायफलीचा खरा परीक्षक ठरला. खाडीकडच्या दमट हवेत हातपंप मारताना पाणी हवेबरोबर आत जाते, म्हणून पंपाच्या फिल्टरमधले सिलिका जेल रंग बदलताच बदलत राहिलो आणि पंप मधूनमधून थांबवून त्यातले पाणी सोडत राहिलो. फोमच्या पेटीत महिनाभर पडून राहिलेल्या एका ओळखीच्यांच्या रायफलीवर बोल्टभोवती तांबूस ठिपके आले. माझी सुती कापडात गुंडाळून कपाटात उभी ठेवल्याने वाचली. बाहेरून तेलाचा हलका हात चालतो, पण दाबाच्या भागात साधे तेल कधीच घालू नये, तिथे सिलिकॉन ग्रीसच हवे. दाबाखालच्या हवेत तेलाचा स्फोट होऊ शकतो.

१० मीटरच्या स्पर्धेत उतरायचे असेल तर ही रायफल घेऊ नये. तिथे दुर्बिणीला परवानगी नसते आणि लक्ष्याच्या दहाव्या वर्तुळाचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर असतो. सुट्टीच्या दिवशी २५ मीटरवर मनापासून सराव करायचा असेल, तर मात्र बँड मोकळा करून घेतल्यावर ही पुरेशी आहे. खरेदीच्या वेळीच ओ-रिंगचा पूर्ण संच मागून घ्यावा. माझ्या रायफलीचा बोल्टवरचा ओ-रिंग सर्वांत आधी झिजला, आणि तेवढा एक सुटा मिळवायला दुकानाच्या बऱ्याच खेपा घालाव्या लागल्या.