कोर्लई की बाणकोट?

कोकण किनाऱ्यावर कुंडलिका नदीच्या मुखावर कोर्लई, सावित्री नदीच्या मुखावर बाणकोट. दोन्हीकडे टेकडीवर किल्ला, पायथ्याशी गाव, समोर समुद्र. कुठे जावं हे ठरतं ते तुमच्याकडे एक दिवस आहे की दोन, आणि चढायची तयारी किती आहे यावर.

मुंबईहून एका दिवसात परतायचं असेल तर कोर्लईच. गेटवेहून मांडव्याची लाँच, बहुतेक लाँचच्या तिकिटातच अलिबागपर्यंत बस, आणि पुढे रेवदंड्याचा पूल ओलांडून मुरूडकडे जाणारी एसटी. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात. तेव्हा हवामान बघून भाऊच्या धक्क्यावरची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, धरावी. गाडी असेल तर गावाच्या अलीकडेच लावा. दीपगृहाचा रस्ता अरुंद आहे, समोरून टेम्पो आला की दोघेही अडकतात.

दीपगृहाजवळून पायऱ्या चढतात, अर्धा तास धरा. किल्ला लांबट, चिंचोळ्या धारेवर आहे. सावली जवळजवळ नाही, म्हणून दुपारची चढाई टाळावी आणि माणशी दोन लिटर पाणी न्यावं. पावसानंतर वाढलेल्या गवतात दगडांमधल्या फटी दिसत नाहीत आणि पाय मुरगळतो तो तिथेच; चपला नकोत, बूट घाला. पोर्तुगिजांनी हा किल्ला १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला, १७४० च्या तहाने तो मराठ्यांकडे आला. चर्चचे अवशेष, एकामागून एक दरवाजे आणि तटावरून दिसणारी खाडी, यासाठी दोन तास हवेतच.

पण कोर्लईची खरी दौलत खाली गावात आहे. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, तरी इथल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली आजही बोलली जाते. बोलणारे तिला ‘नोलिंग’ म्हणतात, म्हणजे आमची बोली. सगळ्यांना मराठी येतं, गप्पा सहज होतात. मात्र ‘काहीतरी बोलून दाखवा’ म्हणत मोबाइल पुढे धरू नये. ती त्यांची घरातली भाषा आहे.

बाणकोटचा किल्ला जांभ्याचा, आटोपशीर. गाडी जवळपर्यंत जाते, त्यामुळे कुणाचे गुडघे दुखत असतील तर हाच बरा. तासाभरात पाहून होतो. इंग्रजांनी १७५५ मध्ये घेऊन त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं. एवढ्यासाठीच इतक्या लांब येऊ नका; जवळच्या वेळास गावचा मुक्काम जोडा. फेब्रुवारी ते एप्रिल तिथे कासवांची पिल्लं सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात, पण घरट्यातून पिल्लं निघाली तरच. म्हणून दोन रात्री राहिलेलं चांगलं. जेवणाचं घरमालकांना आदल्या दिवशीच सांगा, आयत्या वेळी हॉटेल सापडेलच असं नाही.

हरिहरेश्वराकडून बाणकोटला येताना सावित्रीची खाडी ओलांडणाऱ्या बागमांडला–वेश्वी फेरीबोटीत गाडी चढते. रविवारी दुपारी परतीची रांग लांबते, तेव्हा निघायचं ते सकाळीच.