दाताला क्लिपा लावायच्या तं कोणत्या? मेटल, सिरॅमिक का अलायनर, गावात राहणाऱ्यांच्या हिशोबानं

क्लिपांचा विषय निघाला की सगळे आधी विचारतात, दिसतील कशा. माझ्या मते गावातल्या माणसानं हे सगळ्यात शेवटी विचारावं. आधी हे बघा की तार टोचायला लागली तं डॉक्टर किती लांब आहे. तालुक्याला दाताचा दवाखाना असतो, दात काढणं, रूट कॅनल सगळं होतं, पण क्लिपांचा खास डॉक्टर, म्हणजे ऑर्थोडॉन्टिक्समधे एमडीएस केलेला, बहुतेक करून जिल्ह्यालाच भेटतो, नाहीतर तालुक्याला महिन्यातून ठरलेल्या दिवशी येतो. ट्रीटमेंट साधारण दीड-दोन वर्षं चालते अन् दर चार ते सहा आठवड्यांनी चक्कर असतेच. पोरीला अन् सोबत येणाऱ्या आईला २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, तेवढी बचत धरा, पण शाळेचा किंवा मजुरीचा दिवस तं जातोच ना बाप्पा.

मेटल सगळ्यात स्वस्त, सगळ्यात मजबूत, अन् दात किती का वेडेवाकडे असेनात, जवळपास सगळ्या केसमधे चालते. आठवी-नववीच्या पोरापोरींसाठी मी डोळे झाकून हेच म्हणीन. भानगड फक्त खाण्याची. हुरड्यासोबत शेंगदाणे, फुटाणे, ऊस दातानं सोलणं, बोराची बी, कडक भाजलेला रोडगा, यातलं काहीही ब्रॅकेट, म्हणजे दातावर चिकटवलेला, तार धरणारा छोटा तुकडा, उखडू शकते. रोडगा वरणात चुरून खाल्ला तं चालते, ऊस मात्र रस काढूनच. खर्रा खाणाऱ्या भावांनो, सुपारी कडक असते अन् तंबाखूचा राप ब्रॅकेटच्या कडेनं असा बसतो की क्लिपा काढल्यावर दातावर चौकटी दिसतात, तं आधी तो सोडा मंग क्लिपांचं बोला. ब्रॅकेट सुटलं तं ओढून काढू नका, तारेवर राहू द्या, फोटो काढून डॉक्टरला व्हॉट्सॲप करा, टोचत असेल तं वर मेण दाबून लावा, ते मेण पहिल्याच दिवशी डॉक्टरकडून जास्तीचं मागून ठेवायचं. कबड्डी खेळणाऱ्यानं माउथगार्डचं, म्हणजे खेळताना दातावर घालायच्या कव्हरचं, विचारून घ्यावं, कोपर लागलं की ओठ आतून फाटतो.

सिरॅमिकचं काम तसंच, फक्त ब्रॅकेट दाताच्या रंगाचं. कॉलेजवाल्यांना, लग्न ठरायच्या वयातल्यांना आवडते. पण ब्रॅकेट पिवळं पडत नसलं तरी त्याच्यावरचं, तार धरून ठेवणारं पारदर्शक रबर पिवळं पडते, अन् आपल्याकडं तर्री-पोहे, हळदीचं वरण अन् दिवसातून चार चहा, त्यामुळं रबर बदलल्यावर दोन-चार दिवसात पिवळं झालेलं दिसते अन् पुढच्या चकरेपर्यंत तसंच. वरून सिरॅमिक ठिसूळ, अन् दाताच्या वरच्या थरापेक्षा कडक, म्हणून खालच्या दातांना लावलं अन् चावताना वरचे दात त्याच्यावर घासले तं वरचे दात झिजतात. त्यामुळं काही डॉक्टर वर सिरॅमिक अन् खाली मेटल लावतात. सिरॅमिक पाहिजेच असेल तं हा मधला मार्ग मला पटते, पैसेही वाचतात.

सेल्फ-लायगेटिंग म्हणून एक प्रकार सांगतात, त्यात रबर नसते, ब्रॅकेटलाच झाकण असते. साफ करायला थोडं सोपं. पण त्यानं दात लवकर सरळ होतात असं कोणी म्हणलं तं त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका, तसं काही पक्कं सिद्ध झालेलं नाही. दाताच्या मागून लावायच्या क्लिपा महागड्या, जिभेला लागतात, करणारे डॉक्टर कमी, आपल्यासाठी सोडूनच द्या.

आता अलायनर. प्लास्टिकचे पारदर्शक साचे, एक-दोन आठवड्याला पुढचा साचा घालायचा. तार नाही, खाताना काढायचे म्हणून ऊस-शेंगदाणे सगळं चालते, चकराही कमी. लांबच्या गावासाठी हेच बेस्ट असं वाटते ना? अर्धं खरं आहे. दिवसातले २० ते २२ तास तोंडात पाहिजे, अन् आपल्याकडं शेतात गेलं की चहा, कोणाच्या घरी गेलं की चहा, दर वेळी काढा, डबीत ठेवा, चूळ भरा, परत घाला. तोंडात ठेवून गरम चहा प्यायला तं साचा वाकतो अन् डागही पडतात, कागदात गुंडाळून हॉटेलच्या टेबलावर ठेवला तं गेलाच. शिवाय किचकट केस सगळ्या यानं होत नाहीत अन् खर्च बरेचदा मेटलच्या दुप्पट-तिप्पट जातो. ऑफिसात बसणारा, शिस्तीचा माणूस असेल अन् दात थोडेच वाकडे असतील तं घ्या, चौदा वर्षाच्या पोराला नको. अन् एक्स-रे न काढता, डॉक्टरनं तोंडात न बघता घरपोच साचे पाठवणाऱ्यांपासून लांबच राहा.

यवतमाळ, चंद्रपूरकडच्या ज्या गावात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या लोकांच्या दातावर पांढरे-तपकिरी डाग असतात. अशा दातावर ब्रॅकेट नीट चिकटत नाही, सारखं सुटते. अलायनरलाही दातावर छोटे उंचवटे चिकटवावे लागतात, म्हणजे तिथंही सुटका नाही. डॉक्टरला हे आधीच दाखवा, त्यांना चिकटवायची पद्धत बदलता येते.

एनडीएची, म्हणजे फौजेत अधिकारी व्हायची, तयारी करणाऱ्या पोरांनी तारखेचा हिशोब लावूनच सुरू करावं, मेडिकलच्या वेळी तोंडात क्लिपा असल्या तं अनफिट धरतात, क्लिपा निघाल्यावर दात सरकू नये म्हणून दाताच्या मागं चिकटवलेली तार, म्हणजे रिटेनर, मात्र चालते.

पैशाची अडचण असेल तं नागपूरचं सरकारी डेंटल कॉलेज किंवा वर्ध्याजवळ सावंगी मेघेचं कॉलेज बघा. एमडीएस शिकणारे डॉक्टर सरांच्या देखरेखीत करतात, खर्च खाजगीपेक्षा कमी, पण नंबर लागायला वेळ अन् बसून राहायची तयारी पाहिजे. खाजगीत करत असाल तं हप्ते पाडून भेटतात बहुतेक ठिकाणी, फक्त आधी विचारा की सुटलेलं ब्रॅकेट परत लावायचे वेगळे पैसे घेता का, अन् शेवटचा रिटेनर याच पैशात आहे का, कारण रिटेनर घातला नाही तं दात परत जुन्या जागेवर सरकतात अन् सगळा खर्च पाण्यात.