टेदर केलेला कॅमेरा, आठ महिन्यांनंतर: लाइव्ह व्ह्यू तिरका का येतो आणि मध्येच का तुटतो

वडिलांच्या ३५ मिमी निगेटिव्ह डिजिटल करायला घेतल्या त्याला आठ महिने झाले. मांडणी साधी आहे. कॉपी स्टँडवर खाली तोंड करून बसवलेला मिररलेस कॅमेरा, १:१ मॅक्रो लेन्स (सेन्सरवर निगेटिव्हएवढंच चित्र उमटवणारी), खाली एलईडी लाइट पॅनेल आणि यूएसबी केबलने कॅमेरा लॅपटॉपला जोडून (यालाच टेदर करणं म्हणतात) त्यावर येणारा लाइव्ह व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्याला त्या क्षणी दिसणारं चित्र. ही पद्धत मला मनापासून आवडली आहे, फ्लॅटबेड स्कॅनरकडे मी परत जाणार नाही. पण पहिले दोन महिने निम्मा वेळ दुरुस्तीतच गेला.

आधी तिरकेपणाचं सांगते. फ्रेमचा एक कोपरा धारदार आणि समोरचा मऊ, असं सतत होत होतं. मी लेन्सला दोष देत होते. मग हिशेब केला: ३६ मिमी रुंदीच्या फ्रेमवर कॅमेरा एक अंश जरी कलला तरी दोन टोकांच्या अंतरात सुमारे ०.६ मिमी फरक पडतो, आणि १:१ ला एफ/८ अ‍ॅपर्चरवर फोकसची खोली, म्हणजे जेवढ्या अंतरात चित्र धारदार राहतं ती, जेमतेम एक मिलिमीटर मिळते. फिल्मचा बारीक दाणा स्पष्ट हवा असेल तर त्याहूनही कमी. स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा इतकं बारीक दाखवत नाही.

काम झालं ते आरशाने. निगेटिव्ह जिथे बसते तिथे छोटा सपाट आरसा ठेवायचा, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करायचा आणि लेन्सच्या स्वतःच्या प्रतिबिंबावर फोकस करायचा. ते प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर आलं की सेन्सर आणि आरसा समांतर. मी पहिल्यांदा आरसा स्टँडच्या पाटावर ठेवला होता, सगळं जुळलं तरी कोपरा मऊच. कारण लाइट पॅनेलच त्याच्या रबरी पायांवर किंचित कललेलं होतं. आरसा पॅनेलवर, निगेटिव्हच्याच होल्डरमध्ये ठेवला त्या दिवशी चारही कोपरे एकदम धारदार झाले. फार आनंद झाला होता!

दुसरी तक्रार अशी की लाइव्ह व्ह्यूमध्ये चौकट नीट बसवलेली असायची आणि फोटोत ती सरकलेली निघायची. यात दोन वेगळी कारणं मिसळली होती. सॉफ्टवेअरमधला प्रिव्ह्यू १६:९ मध्ये होता आणि फोटो ३:२ मध्ये, म्हणून वरखाली जास्त भाग येत होता. दुसरं, कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप भरून काढायला सेन्सर हलवणारी सोय) चालू होतं. स्टँडवर घट्ट बसलेल्या कॅमेऱ्यातही त्यामुळे सेन्सर थोडा थोडा हलत राहतो. ते बंद केल्यावर लागोपाठचे फोटो एकमेकांवर तंतोतंत बसायला लागले. तेव्हापासून मी चौकटीची खात्री लाइव्ह व्ह्यूवरून करत नाही, एक चाचणी फोटो काढून त्यावरून करते. फोकसही ज्या अ‍ॅपर्चरवर फोटो काढायचा त्याच अ‍ॅपर्चरवर बघते.

आता जोडणी. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण तीन बिघाड एकाच बिघाडासारखे दिसत होते. पडद्यावर दर वेळी एकच संदेश यायचा: कॅमेरा सापडत नाही. मी केबल, ड्रायव्हर, सॉफ्टवेअर सगळं एकाच वेळी बदलायचे आणि नेमकं कशाने चालू झालं ते कळायचंच नाही. शेवटी वहीत फक्त एवढंच लिहायला लागले की जोडणी कधी तुटली. चार दिवसांत चित्र स्पष्ट झालं.

हात न लावता ठरावीक वेळाने तुटत असेल तर ती झोप. कॅमेऱ्याचं ऑटो पॉवर ऑफ बंद करा, आणि विंडोज असेल तर पॉवरच्या सेटिंगमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही. स्टँडचा दांडा वरखाली करताना तुटत असेल तर दोष केबलचा किंवा सॉकेटचा. केबलचा ताण थेट कॅमेऱ्याच्या सॉकेटवर येऊ देऊ नका, स्टँडला पट्टीने बांधून थोडी सैल सोडा. साध्या यूएसबी २.० केबलची मर्यादा पाच मीटर आहे, यूएसबी ३ ला तीन मीटरच्या आत राहिलेलं बरं. फक्त चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात, त्यामुळे कॅमेरा चार्ज होताना दिसतो आणि लॅपटॉपला दिसत नाही.

आणि सुरुवातीलाच सापडत नसेल तर बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्यातरी प्रोग्रॅमने कॅमेरा आधीच धरलेला असतो. फोटो आयात करणारं अ‍ॅप, क्लाउड सिंक, लिनक्सवर फाइल मॅनेजरने आपणहून माउंट केलेला कॅमेरा. टेदरिंगच्या वेळी एकालाच तो मिळतो. माझ्याकडे आयात करणारं अ‍ॅप दर वेळी आपोआप उघडत होतं, ते बंद केलं आणि रोज सकाळी कॅमेरा न सापडण्याचा त्रास संपला. कॅमेऱ्याच्या मेनूतला यूएसबी मोडही बघा. मास स्टोरेजवर असेल तर फक्त कार्ड दिसतं, लाइव्ह व्ह्यू येत नाही.

वाय-फाय मी चौकट बघण्यापुरतंच वापरलं. चित्र मागे पडतं आणि मोठ्या रॉ फाइल यायला वेळ लागतो, स्टँडवरच्या कामाला ते नकोच.

बॅटरीचं मात्र आधी कुणी सांगायला हवं होतं. लाइव्ह व्ह्यूत सेन्सर सतत चालू असल्याने ती भराभर उतरते, आणि बदलायला कॅमेरा स्टँडवरून काढला की आरशाचं सगळं काम पुन्हा करावं लागतं. सहाव्या महिन्यात डमी बॅटरीवरून (बॅटरीच्या जागी बसणारा, वायरने विजेला जोडलेला ठोकळा) थेट वीजपुरवठा घेतला. तेव्हापासून कॅमेरा जागेवरून हललेला नाही, तरी नवीन रोल लावण्याआधी आरसा एकदा ठेवतेच.