कुजलेलं ठेवलं, चांगलं नेलं

माझी बत्तीस सीटची बस 2011 सालची, सेकंडहँड घेतलेली. लग्नाची वऱ्हाडं, आंगणेवाडीची जत्रा, शाळेच्या सहली, चतुर्थीला स्टेशनवरून गावागावात सोडायचे चाकरमानी, यावर घर चालतं. मालक मीच, ड्रायव्हरही मीच. गाडी उभी राहते ती जागा समुद्रापासून दीड किलोमीटरवर, मालवण तालुक्यात. खारी हवा पत्र्याचं काय करते ते मला कोणी शिकवायला नको. तरी फसलो.

गाडीच्या काचांखालचा पट्टा आणि मागची बाजू मूळची ॲल्युमिनियमची. सर्वात खालचे पत्रे आणि चाकांवरच्या कमानी आधीच्या मालकाने कधीतरी लोखंडी बसवलेल्या. त्या कुजल्या होत्या, बोट घातलं तर आत जायचं. पावसाळ्यात भाडी नसतात म्हणून जुलैमध्ये गाडी हायवेजवळच्या एका गॅरेजात नेली.

तिथल्या मिस्त्रीने गाडीभोवती एक फेरी मारली आणि लोखंड न बघता ॲल्युमिनियम बघितलं. लोखंडी आणि ॲल्युमिनियमचा पत्रा जिथे एकमेकांना टेकतात, तिथे रिव्हेटांभोवती पांढरी भुकटी जमली होती. त्याने त्यात स्क्रूड्रायव्हर खुपसला, भुकटी माझ्या तळहातावर घेतली आणि म्हणाला, "ह्यां बघा. ॲल्युमिनियम संपला." मला पटलं. डोळ्यांसमोर खड्डा पडला होता ना! हे मला नंतर कळलं की खाऱ्या ओलाव्यात दोन धातू एकत्र आले की ॲल्युमिनियम आधी झिजतं, पण ते बहुतेक सांध्यापाशी. दोन-तीन इंचांची पट्टी कापून बदलली असती तर वरचा सगळा पत्रा धडधाकट होता.

ठरलं असं: सगळा खराब पत्रा काढायचा, सांगाडा घासून रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा रंग, मारायचा, सांगाड्याचे कुजलेले पाइप बदलायचे आणि 18 गेजचा, म्हणजे 1.2 मिलिमीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा बसवायचा. रक्कम 1,85,000. जुना पत्रा "आमच्याकडेच ऱ्हवतलो, भंगारात जातलो, मजुरीत धरलंय." मी मान डोलावली. कागदावर काहीच नाही.

दोनदा जाऊन आलो. पहिल्या वेळी ॲल्युमिनियम उतरलेलं होतं, दुसऱ्या वेळी सगळीकडे पुट्टी. मधलं काम, म्हणजे सांगाडा उघडा असतानाचं, मी पाहिलंच नाही. गाडी हातात आली चतुर्थीच्या दोन दिवस आधी. रंग असा चकचकीत, की आईने नारळ फोडला. बुकिंगं ठरलेली, तपासायला वेळ कुणाला? मला वाटतं त्यांनाही ते पक्कं माहीत होतं.

फेब्रुवारीत एका अरुंद पाणंदीत समोरून डंपर आला आणि मी गाडी चिऱ्याच्या गडग्याला घासली. आवाजच वेगळा आला, डबा फाटल्यासारखा. उतरून बघतो तर खालचा नवा पत्रा हातभर सोलून निघालेला, आणि त्याच्या आत जुना पत्रा! आधीच्या मालकाचा लाल रंग आणि त्यावर '...प्रसन्न' ही अक्षरं, खालून गंजाने खाल्लेली. कुजलेला पत्रा काढलाच नव्हता. त्याच्यावरच नवा रिव्हेट मारून चिकटवला होता. दोन पत्र्यांच्या मध्ये बोट घातलं तर फेब्रुवारीतही ओली माती निघाली.

मग दुसऱ्या तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या डेंटरकडे नेली. त्यांनी जाडी मोजायचा व्हर्नियर लावला: 0.6 मिलिमीटर. ठरला त्याच्या निम्मा, आणि तोही जीआय नव्हे, साधा काळा पत्रा. चाकाच्या कमानीवर लोहचुंबक धरलं, ते खाली पडलं. आत लोखंड होतं, पण वर पुट्टीचा थर बोटभर जाड. आणि ज्याने मला खरा राग आला ते असं: काचांच्या खाचेतून आत उतरणारं पाणी बाहेर जायला खाली भोकं असतात, ती सगळी सिलंटने बुजवलेली. म्हणजे पावसाचं पाणी आतच साठत राहिलं, सीटच्या अँगलपर्यंत.

ते म्हणाले, आठ बाय चारचा 1.2 चा पत्रा अठ्ठावीस किलो भरतो, हा चौदाच्या आसपास भरेल. बसवण्याआधी पत्रा काट्यावर ठेवला असता तर तिथेच कळलं असतं. ॲल्युमिनियमचा हिशोबही त्यांनीच केला. सत्तर-ऐंशी किलो चांगला माल, भंगारात किलोला शंभराच्या वर. जे काढायला हवं होतं ते विकून काही मिळालं नसतं, म्हणून ते जागेवर राहिलं.

पहिल्या गॅरेजात गेलो. "तुमीच सांगलास, चतुर्थीआधी गाडी होयी," एवढंच उत्तर. बिल म्हणून माझ्याकडे वहीचा एक कागद आहे, त्यावर 'पत्राकाम व रंग 1,85,000'. गेज नाही, जीएसटी नाही, सही वाचता येत नाही. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. धंद्याची गाडी असली तरी स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असल्यास तक्रार चालते, असं वकिलांनी सांगितलं. पण ठरलं काय होतं हे दाखवणार कशावरून, यावर त्यांनीही हात टेकले. व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकून ठेवल्या असत्या, "1.2 चा जीआय, जुना पत्रा मला परत", आणि पुट्टीआधी उघड्या सांगाड्याचे चार फोटो काढले असते, तर निदान बोलायला तोंड राहिलं असतं.

आता गाडी त्या डेंटरकडे आहे. मी रोज सकाळी तिथे स्टूल टाकून बसतो. काल डावी बाजू पूर्ण उघडली, तर तीन उभे पाइप खालून हातात आले. त्यांच्या वरच्याच सीटांवर गेल्या महिन्यात शाळेची मुलं बसवून मी विजयदुर्गला नेली होती. आठ वर्षांवरच्या भाड्याच्या गाडीला दरवर्षी पासिंग, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची तपासणी, लागतं, ते मार्चअखेर आहे. तोवर लग्नाची दोन भाडी शेजारच्याच्या गाडीला दिली आहेत.