वानखेडे, मोटेरा की इंदूर? खान्देशातून मॅच बघायला निघताना

अमळनेरचा भाचा दर उन्हाळ्यात विचारतो, "मामा, यंदा वानखेडे का मोटेरा?" मी म्हणतो, "भो, आधी सांग, मॅच सुटल्यावर रात्री झोपशील कुठे?" धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत मोठ्या सामन्याचं मैदान नाही. कुठंही गेलो तरी आपण परगावचेच. त्यात रात्रीची टी-ट्वेंटी साडेसातला सुरू होते आणि सुटायला साडेअकरा वाजतात. त्यामुळे मैदान निवडताना मी परतीची गाडी आधी बघतो.

जळगाव-भुसावळकडच्यांना वानखेडे सोयीचं वाटतं, आणि जाताना ते आहेच. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकरांना खान्देश एक्स्प्रेस मुंबईला सोडते. ती रोज नसते, एवढं लक्षात ठेवा. तिथून लोकलने चर्चगेट, पुढे मैदान पायी. पंचाईत होते ती येताना. विदर्भ आणि अमरावती या आपल्या नेहमीच्या गाड्या सीएसएमटीहून संध्याकाळीच सुटतात. तेव्हा मैदानात मॅच जेमतेम सुरू होत असते. चर्चगेटची शेवटची लोकल रात्री एकच्या सुमारास असते, म्हणजे उपनगरातल्या नातेवाइकाकडे पोचता येतं. नातेवाईक नसेल तर लॉजचं भाडं धरूनच हिशेब करा, किंवा पहाटेच्या गीतांजलीची वाट बघत फलाटावर बसा. मी एकदा बसलोय. विशीत जमतं, पन्नाशीत कंबर बोलते.

मोटेऱ्याचं, म्हणजे आताच्या नरेंद्र मोदी स्टेडियमचं, गणित वेगळं. नंदुरबारकरांना ते मनाने जवळचं, कारण सुरतेला आपलं रोजचं जाणं-येणं. नवजीवन एक्स्प्रेस भुसावळ, जळगाव, नंदुरबारला अहमदाबादशी जोडते. पण परतीची नवजीवनही मॅच संपायच्या आत निघून जाते, तेव्हा मुक्काम इथेही चुकत नाही. शहरात मात्र हाल कमी. कालुपूर स्टेशनवरून मेट्रो धरायची, ओल्ड हायकोर्टला बदलायची आणि थेट मोटेरा स्टेडियमला उतरायचं.

आता तिकीट. इथे दोन्ही मैदानांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वानखेडेवर साधारण ३३ हजार माणसं मावतात, त्यातला मोठा वाटा क्लबांना आणि प्रायोजकांना जातो. २०११च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सामान्य माणसाच्या वाट्याला जेमतेम चार हजार तिकिटं आली होती. मोटेऱ्याची क्षमता १ लाख ३२ हजार. तिथे तिकीट मिळण्याची आशा तरी असते. पण वरच्या मजल्यावर बसलात तर फलंदाज बोटाएवढा दिसतो आणि निम्मी मॅच मोठ्या पडद्यावरच बघावी लागते. वानखेडेवर सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक ओरडला तर ऐकू येतं. माझ्या मते मॅच बघायची तर वानखेडे, गर्दी बघायची तर मोटेरा. १९ नोव्हेंबर २०२३ला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने आपल्याला हरवलं तेव्हा मोटेऱ्यावरची शांतता टीव्हीवरसुद्धा ऐकू येत होती.

उन्हाचं सांगायचं तर मोटेऱ्याचा उन्हाळा आपल्यासारखाच कोरडा, अंगवळणी पडलेला. मुंबईत पारा कमी असतो, पण घामाने सदरा पिळून निघतो. चव्वेचाळीस अंशात वाढलेली आमची मंडळी तिथे हाय खातात.

धुळे-शिरपूरकरांनो, तुम्ही हे दोन्ही सोडा आणि इंदूर बघा. सेंधव्याचा बिजासन घाट चढलं की सरळ आग्रा रोड, धुळ्याहून अडीचशेच्या आसपास किलोमीटर. चार-पाच जणांनी मिळून गाडी केली तर रेल्वेच्या वेळापत्रकाची कटकटच नाही. होळकर स्टेडियम छोटं, शहराच्या मधोमध, आणि सीमारेषा जवळ असल्याने धावांचा पाऊस. सेहवागने ८ डिसेंबर २०११ला वेस्ट इंडीजविरुद्ध २१९ काढल्या त्या इथेच. मॅच सुटल्यावर सराफा बाजारात मध्यरात्रीही खायला मिळतं. एकच अडचण, मोठे सामने तिथे कधीतरीच येतात. पुण्याचं गहुंजे शहराबाहेर एक्स्प्रेस वेला लागून, बराचसा भाग उघड्यावर. दुपारची मॅच असेल तर टाळा. नागपूरचं जामठाही शहरापासून लांबच.

मैदान कोणतंही असो, रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, मॅचची तिकिटं बहुतेक वेळा त्यानंतर. म्हणून आधी रेल्वेचं काढून ठेवा. मॅचचं नाही मिळालं तर रद्द करताना थोडे पैसे जातील, तेवढे सोसा.

पिशवी, पॉवर बँक, पाण्याची बाटली दारातच अडवतात. एका ठिकाणी तर माझ्या खिशातली सुटी नाणीही टाकायला लावली. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी गाडीतच संपवा, आत नेऊ देत नाहीत. उरलेलं सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतं, पण बॅगेला कुलूप नसेल तर ते घेत नाहीत. कुलूप घरूनच न्या.